जुन्या फीडचा एकच वाचक

माझ्या नणंदेला बाहेर सगळे टाचणी म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितशोधक होत्या. कुणाच्या मजकुरात चूक सापडली की त्या कागदाला टाचणी लावायच्या आणि तो त्याच माणसाच्या टेबलावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ठेवायच्या. नाव तिथून पडलं, पण स्वभावालाही शोभून होतं. एकदा टोचलं की विसरणं त्यांना ठाऊक नव्हतं. समोरच्या घरातल्या बाईंनी कधीतरी आमच्या दारात कचऱ्याची पिशवी ठेवली होती. ती बाई घर बदलून गेली तरी वन्सं तिच्या खिडकीकडे बघत नसत. "अहो, खिडकीचा काय दोष?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "तिलाही माहीत होतं."

त्यांनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या, म्हणजे ह्यांच्या, संसारात आमच्याबरोबरच राहिल्या. मी वयानं लहान, तरी मला वहिनीच म्हणत. घर माझं होतं असं आपलं म्हणायचं, चालायचं त्यांच्या शिस्तीवर.

कचेरीत त्यांच्याकडे 'निधन वार्ता' हे सदर होतं. शेवटच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, फुकट छापलं जाणारं. कुणाच्या घरी कुणी गेलं की घरचं माणूस फोन करी, वन्सं सगळं लिहून घेत, आणि मग स्वतः उलट फोन करून एकेक गोष्ट पडताळून बघत. नावातला ऱ्हस्व-दीर्घ, वय, मागे कोण कोण आहे, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता. नुकतंच ज्याचं माणूस गेलंय त्याला वेलांटी पहिली की दुसरी हे विचारायला जीभ रेटावी लागते. वन्संची रेटायची. त्या म्हणायच्या, "शेवटचंच छापून येतंय बिचाऱ्याचं नाव. ते तरी बरोबर असू दे."

मग नवा व्यवस्थापक आला. जाहिरात विभागातून वर चढलेला, वन्संपेक्षा बराच लहान, बोलायला गोड. त्याचा हात कायम कशावर तरी असायचा, कुणाच्या खांद्यावर, खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्याच्या टेबलावर. आल्या आल्या त्यानं सगळ्यांची बैठक घेतली आणि निधन वार्ता बंद करतोय म्हणून सांगितलं. त्या जागेत गाद्यांची जाहिरात येणार होती. वन्सं उभ्या राहिल्या. लोक पहिल्यांदा शेवटचं पान उघडतात, असं काहीतरी त्या सांगायला लागल्या, तर त्यानं त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि हसत म्हणाला, "बाई, मेलेली माणसं पेपर विकत घेत नाहीत."

सगळे हसले. त्यात वन्संनी ज्यांच्या चुका आयुष्यभर निस्तरल्या तेही हसले. सदर गेलं आणि सदराबरोबर वन्सं. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती, त्यामुळे त्याला ते सोपं गेलं.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हात धुतले, पिशवी खुंटीला अडकवली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, ह्या माणसाला मी पुरून उरणार."

मला वाटलं, रागात बोलल्या. चहा टाकला. पण वन्सं रागात काही बोलतच नसत.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदार वन्संच्याच वयाचा, विधुर, कानाला यंत्र लावलेला. आम्ही त्याला संगणकवाला म्हणायचो. वन्संनी त्याला सांगितलं की मला निधन वार्तेची वेबसाइट काढायची आहे, रोज नवीन मजकूर येणारी. त्यानं यंत्र कानात नीट बसवलं, पुन्हा सगळं ऐकलं आणि काढूया म्हणाला. वेबसाइट उभी राहिली तेव्हा त्यानं वर आमच्या घरी येऊन विचारलं, "फीड कुठली ठेवायची?"

"फीड म्हणजे?"

"लोकांना रोज येऊन कोण गेलं ते बघायचा कंटाळा येतो. फीड ठेवली की त्यांच्या फोनमधलं अ‍ॅपच थोड्या थोड्या वेळानं येऊन आपल्या दारात डोकावतं. नवीन काही असलं की उचलून नेतं आणि मालकाला दाखवतं."

"म्हणजे दार उघडं टाकायचं?"

"उघडंच असतं ते. त्याच्यासाठीच असतं."

मी भाजी निवडत होते. त्यांचं बोलणं मला निम्मं कळलं, पण जे कळलं ते असं. फीड लिहायच्या पद्धती मुख्यतः दोन. एक आरएसएस, दुसरी अ‍ॅटम. आरएसएस जुनी, साधी, कुठलंही अ‍ॅप ती वाचतं. त्यात शीर्षक, मजकूर, तारीख एवढं दिलं की काम भागतं. अ‍ॅटम जरा कडक. तिच्यात प्रत्येक वार्तेला कधीही न बदलणारी स्वतःची ओळख द्यावीच लागते, लिहिणाऱ्याचं नाव लागतं, आणि मजकूर प्रसिद्ध कधी झाला आणि दुरुस्त कधी झाला, ह्या दोन वेळा वेगवेगळ्या सांगता येतात.

वन्संनी मुद्रितशोधकाचा प्रश्न विचारला. "समजा, मी अंत्यविधीची वेळ बदलली, तर वाचकाला ते कळणार का?"

"अ‍ॅटममध्ये चांगलं कळतं. आरएसएसमध्ये अ‍ॅपच्या मर्जीवर. काही अ‍ॅप बदल दाखवतात, काही जुनंच धरून बसतात."

"मग अ‍ॅटमच ठेवा की."

"तुमचे वाचक म्हातारे आहेत," संगणकवाला म्हणाला. "कुणाकडे नातवानं टाकून दिलेला फोन, कुणाकडे मुलानं कधीकाळी घालून दिलेलं अ‍ॅप. आधी पोचू तर द्या. कडक शिस्त मागून."

वन्सं एरवी असं कुणाचं ऐकत नसत, पण पोचू तर द्या हे त्यांना पटलं. आरएसएस ठेवली, आणि तीही पूर्ण मजकुराची, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला आणखी कुठं बोट दाबायला लागू नये.

वेबसाइट चालली. अशी चालली की मीच चकित झाले. दवाखान्यातल्या परिचारिका, शववाहिकेचा चालक, फुलवाली, पेन्शनच्या रांगेतली माणसं, सगळ्यांच्या फोनवर वन्सं जाऊन बसल्या. आमचा फोन सकाळपासून वाजायचा. स्वयंपाकघरातलं टेबल कचेरी झालं. मी पोळ्या लाटत असायची आणि शेजारी वन्सं कुणाला तरी हळू आवाजात विचारत असायच्या, "आडनावात ळ आहे की ल?" मलाही सवय झाली. फोन वाजला की मीच लिहून घ्यायला लागले.

त्या व्यवस्थापकानं दरम्यान वर्तमानपत्र सोडलं आणि स्वतःचं बातम्यांचं पोर्टल काढलं. एक दिवस फुलवालीनं मला रस्त्यात थांबवून विचारलं, "तुमच्या ताईंनी दुसरीकडे पण सुरू केलं का?" तिनं फोन दाखवला. त्याच्या पोर्टलवर 'निधन वार्ता' असं ठळक सदर होतं आणि खाली वन्संचा मजकूर, शब्द न् शब्द. शेजारी गाद्यांची जाहिरात. वन्संचं नाव कुठंही नव्हतं.

वन्संनी ते संगणकावर उघडून शांतपणे वाचलं. एका वार्तेत 'सेवानिवृत्त'मधली पहिली वेलांटी आधी त्यांच्याकडून सुटली होती. त्यांनी ती आपल्या वेबसाइटवर लगेच दुरुस्त केली होती. पोर्टलवर ती चूक तशीच होती.

"हातानं उतरवत नाहीये तो," संगणकवाला बघून म्हणाला. "यंत्र बसवलंय. यंत्र आपली फीड उचलतं आणि तसंच्या तसं चिकटवतं. एकदा चिकटवलं की पुन्हा बघत नाही."

वन्संनी त्याला फोन लावला. मी शेजारीच होते, आवाज ऐकू येत होता. तो अगदी गोड बोलला. "बाई! किती दिवसांनी! अहो, मरण काय कुणाच्या मालकीचं असतं का? कोण गेलं ही बातमी सगळ्यांची."

"पडताळणी माझी आहे."

"ती तुम्ही करताच आहात. मी कुठं नको म्हणतोय? आणि फीड तुम्हीच उघडी ठेवलीत. दार सताड उघडं ठेवायचं आणि कुणी आत आलं की ओरडायचं, ह्याला काय अर्थ आहे?"

वन्संनी फोन ठेवला. मी म्हटलं, "वकिलाकडे जाऊया." त्या म्हणाल्या, "वकील कशाला? माझं भांडण मला भांडता येतं."

तरीही त्या तेव्हा गप्प बसल्या असत्या, असं मला अजून वाटतं. चिडून, धुमसत, पण गप्प. शिंपी आला म्हणून सगळं बदललं.

शिंपी म्हणजे बाजारामागच्या गल्लीत राहणारे, घरीच शिवणकाम करणारे एक वयस्कर गृहस्थ. वन्सं त्यांना ओळखत नव्हत्या. त्यांचा थोरला भाऊ वारला. दोघांच्या घरांत बोलणं नव्हतं, भावाच्या मुलांनी शिंप्याला कळवलं नाही. शिंप्यानं ते त्या पोर्टलवर वाचलं. अंत्यविधी संध्याकाळी पाच वाजता असं तिथं होतं. मुळात घरच्यांनी वन्संनाही पाचच सांगितलं होतं. मग घरच्यांनीच वेळ अलीकडे आणली, सकाळची केली. वन्संनी लगेच दुरुस्ती टाकली. त्या पोर्टलवर मात्र पाच ते पाचच राहिले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्या दारात उभे होते. बुटांना पॉलिश, केस नीट बसवलेले, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की निधन वार्तेचं काम ह्या बाई करतात.

"तुम्हीच ना त्या?" ते म्हणाले. "पाच म्हणाला होतात तुम्ही."

वन्संनी समजावून सांगितलं. माझ्या वेबसाइटवर दुरुस्ती होती, तुम्ही वाचलंत ते दुसऱ्याचं, त्यानं न विचारता उचललेलं. ते ऐकत होते, पण त्यांना वेबसाइट, पोर्टल, फीड ह्यातला फरक कळत नव्हता. कळून त्यांना करायचं तरी काय होतं? मी पाणी आणलं, त्यांनी घेतलं नाही.

"सदरा शिवला होता त्याच्यासाठी," ते म्हणाले. "त्याचं माप मला पाठ आहे. घालायला म्हणून घेऊन गेलो पाच वाजता. तिथं झाडलोट चालली होती."

कागदात तो सदराच होता. पुडकं तसंच काखेत धरून ते जिना उतरून गेले.

वन्सं बराच वेळ दार धरून उभ्या राहिल्या. मग आत आल्या आणि म्हणाल्या, "आता मी त्याला सोडणार नाही." आवाजात राग नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात त्यांनी संगणकवाल्याला वर बोलावलं. "मला आता अ‍ॅटम पाहिजे."

"चांगलंच आहे. जुन्या फीडवर येणाऱ्यांना आपोआप नवीनकडे वळवून देतो. कुणाला काही कळणारही नाही."

"आपोआप नको. जुनी चालू राहू दे. नवीन वेगळ्या पत्त्यावर ठेवा. ज्याला यायचंय तो स्वतः बदलून येईल."

"उगाच ताप, ताई. म्हातारी माणसं आहेत म्हणून मीच तुम्हाला—"

"एकेकाला मी फोन करीन."

आणि केले. वेबसाइटच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात सूचना लावली, आणि रोज वार्तांचं काम आटोपलं की वन्सं वार्तांच्या वहीत जमलेले नंबर काढून वाचकांना फोन करायला बसायच्या. फोनमध्ये काय उघडायचं, जुना पत्ता कुठं पुसायचा, नवीन कुठं घालायचा. कित्येकांच्या घरी स्वतः गेल्या. मीही गेले. एका आजोबांनी तर पत्ता बदलून घेतल्यावर आम्हाला रेडिओही दुरुस्त करायला लावला. फीड मागायला कुठून कुठून यंत्रं येतात ह्याची नोंद संगणकवाला बघायचा आणि सांगायचा, अजून इतके राहिलेत, अजून इतके. आकडा उतरत गेला. वन्सं रोज विचारायच्या, जसं कुणी आजाऱ्याचा ताप विचारतं तसं.

शेवटी एक दिवस तो म्हणाला, "आता जुन्यावर एकच उरलाय. त्या पोर्टलचं यंत्र. दर पाच-दहा मिनिटांनी येतंय बघा, भुकेल्यासारखं." मग म्हणाला, "बंद करून टाकू जुनी?"

"एकच वाचक राहिलाय," वन्सं म्हणाल्या. "त्याला उपाशी कसं ठेवायचं?"

संगणकवाल्यानं त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. मला काही ऐकायचंच नाही, असा त्याचा अर्थ.

मला तेव्हा कळलं, वन्संच्या मनात काहीतरी शिजतंय. मी म्हटलं, "वन्सं, काय करणार आहात?"

त्यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. निधन वार्ता होती. व्यवस्थापकाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, हुद्दा, त्याचा फोटो. आज सकाळी दुःखद निधन. मृत्यूचं कारण, दुसऱ्याचा मजकूर न चावता गिळणे. अंत्यविधी संध्याकाळी पाच वाजता. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात, 'ही वार्ता खोटी आहे. आमच्या पोर्टलवरील निधन वार्ता आम्ही कुणाला विचारून घेत नाही. दुसऱ्याच्या फीडमधून न वाचता उचलतो. आपण हे वाचत आहात, हाच त्याचा पुरावा.'

"जिवंत माणसाचं?" मी म्हटलं. "तुम्ही? आजवर एक मात्रा चुकीची जाऊ दिली नाहीत तुम्ही."

"म्हणून तर. माझ्याकडे हे एकदाच वापरता येण्यासारखं आहे."

"त्याला आई आहे, वन्सं. म्हातारी. कुणीतरी तिला सांगेल."

त्यांनी कागद परत घेतला. मला वाटलं, जिंकले. वन्संनी फोन उचलला. म्हातारीचा नंबर त्यांच्याकडे होता, कारण व्यवस्थापकाच्या वडिलांची वार्ता पूर्वी त्यांनीच छापली होती.

"काकू, मी निधन वार्तेची. तुमच्या यजमानांच्या वेळी आपण बोललो होतो. आठवतं? ... हो, तीच. काकू, उद्या तुम्हाला तुमच्या मुलाबद्दल कुणी वाईट काही सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तो ठणठणीत आहे. मीच एक खोटी वार्ता घालणार आहे."

 म्हातारीनं विचारलं, "काय केलं त्यानं?"

वन्संनी सांगितलं. सदराचं, गाद्यांचं, शिंप्याचं. सदऱ्याचंही. सगळं ऐकल्यावर म्हातारी म्हणाली, "तो मला फोन करत नाही. ह्यामुळे करेल का?"

वन्संनी समोरचा कागद उलटा करून ठेवला.

"करेल," त्या म्हणाल्या.

"मग घाला," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोळ्या झाल्यावर, वन्संनी ती वार्ता फक्त जुन्या फीडमध्ये घातली. त्याआधी तीनदा वाचली आणि एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. मग हात मांडीवर ठेवून बसल्या. यंत्र नेहमीसारखं आलं, डोकावलं, उचललं. थोड्या वेळात त्या पोर्टलवर मालकाचा हसरा फोटो झळकला, शेजारी गाद्या.

खालची बारीक अक्षरं कुणी वाचली नाहीत. लोक शीर्षक वाचतात आणि फोन उचलतात. फुलवालीनं मागून सांगितलं की तिच्याकडे त्याच्या नावाच्या फुलांची मागणी सुरू झाली आणि तिनं इमानदारीत सगळी पोचवली. त्याच्या कचेरीच्या दारात गुच्छ, घराच्या दारात गुच्छ. कुणीतरी शववाहिकेच्या चालकाला विचारलं की गाडी लागणार का. पोर्टलमधल्या माणसांनी ती वार्ता पुसली. यंत्र पुन्हा आलं, त्याला फीडमध्ये एक वार्ता दिसली जी पोर्टलवर नाही, त्यानं ती प्रामाणिकपणे पुन्हा चिकटवली. पुन्हा पुसली, पुन्हा आली. ज्यानं ते यंत्र बसवलं होतं तो नोकरी सोडून गेला होता आणि ते कुठं बंद करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. दुपारी त्यांनी अख्खं पोर्टलच बंद केलं.

मी कबूल करते, मी हसले. पदर तोंडाला लावून हसले. वन्सं हसल्या नाहीत. त्या प्रत्येक वेळी पान ताजं करून बघत होत्या, जसं कुणी उकळीकडे बघतं.

संध्याकाळच्या आत तो आमच्या दारात होता. त्याचे हात पहिल्यांदाच रिकामे दिसले, कशावरच ठेवलेले नव्हते. चेहरा लाल.

"मी तुम्हाला कोर्टात खेचीन!"

"आधी माझी वेबसाइट बघा," वन्सं म्हणाल्या. "तिच्यावर तुमचं नाव कुठं आहे? माझ्या वाचकांच्या फीडमध्ये कुठं आहे? एका पडीक पत्त्यावर मी काहीतरी लिहून ठेवलं होतं. तिथं कुणी येत नाही. तुम्ही का आलात?"

"लोक माझ्या घरी फुलं घेऊन आले, बाई! माझी बायको रडतेय!"

"वेळेवर आले ना?"

त्याला कळलं नाही. वन्संनी त्याला शिंप्याची गोष्ट सांगितली. दारातच, उभ्या उभ्या, त्याला आत न घेता. तो मध्येच म्हणाला, "ही एवढीशी चूक..." आणि वन्संचा चेहरा बघून थांबला.

"दोन गोष्टी," वन्सं म्हणाल्या. "सदर आजपासून बंद. आणि तुमच्या पोर्टलवर, तुमच्या सहीनं, शिंप्याच्या भावाच्या वार्तेत वेळ चुकली हे छापायचं. कुणामुळे चुकली तेही. मसुदा आधी मला दाखवायचा."

त्यानं खाली जाताना जिन्याला लाथ मारली. पण मसुदा आला. वन्संनी तो वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवल्या आणि परत पाठवला. दुरुस्त होऊन आला. तिसरी चूक त्यांनी मुद्दाम पहिल्यांदा दाखवली नव्हती. पुन्हा परत पाठवला. मला म्हणाल्या, "घासू दे नाक."

कबुली छापून आली. वन्संनी ती कागदावर काढून घेतली आणि आम्ही दोघी शिंप्यांकडे गेलो. वन्संच्या चालीत त्या दिवशी वेगळाच ताठा होता. शिंपी यंत्रावर बसून कुणाच्या तरी परकराला नेफा घालत होते. वन्संनी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं.

"बरं," ते म्हणाले.

"त्याला मी चांगला धडा शिकवलाय," वन्सं म्हणाल्या, आणि काय काय झालं ते सांगायला लागल्या. फुलं, गुच्छ, शववाहिका. शिंपी ऐकून घेत होते. सांगून झाल्यावर त्यांनी कागद घडी करून परत दिला.

"छान केलंत," ते म्हणाले. "बसा ना. चहा घेणार?"

ते आमच्याशी चांगलेच वागले. पण त्यांच्या तोंडावर वन्संना जे बघायचं होतं ते नव्हतं. येताना रस्त्यात वन्संनी तो कागद पिशवीत सारला. मग म्हणाल्या, "मला वाईट वाटत नाहीये, वहिनी. वाटायला हवं का?" मी म्हटलं, मला काय विचारता. त्या म्हणाल्या, "शिंप्यांसाठी नाही केलं मग मी. माझ्यासाठीच केलं." आणि त्यात त्यांना काही गैर वाटलं असंही नाही.

ह्याची किंमतही मोजावी लागली. दवाखान्यातल्या एक वडीलधाऱ्या परिचारिका वन्संना फोनवर म्हणाल्या, "जिवंत माणसाला मारणारी वेबसाइट मी नातेवाइकांना कशी सांगू?" वन्संनी बाजू मांडली नाही. "तुमचं बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. त्या परिचारिकेकडून पुन्हा वार्ता आली नाही, आणि आणखी काही जणांकडूनही नाही. जे राहिले ते मात्र घट्ट राहिले.

काही महिन्यांनी व्यवस्थापकाच्या आईचा फोन आला. मीच घेतला, वन्संना दिला. म्हातारीनं आधी त्या दिवसाची हकीकत रंगवून सांगितली. मुलानं घाबरून फोन केला, "आई, मी जिवंत आहे," म्हणाला, आणि ही त्याला म्हणाली, "कोण बोलतंय? माझा मुलगा मला फोन करत नाही." आपण खरंच तोच आहोत हे त्याला पटवून द्यायला लावलं म्हणे, लहानपणी गुडघा कुठं फुटला होता इथपासून. मग काही दिवस तो रोज फोन करायचा. भेटायलाही आला, दोनदा.

"आता फोन पुन्हा बंद झालेत," म्हातारी म्हणाली. "पुन्हा काही घालता येईल का हो?"

"ती फीड आता बंद केली, काकू."

"अरेरे," म्हातारी म्हणाली. मनापासून.

वन्संनी तिच्याशी नंतर बराच वेळ गप्पा मारल्या. पाय कसे आहेत, डोळ्याचं काय झालं. फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. पलीकडे त्यानं उचलल्यावर नाव न सांगता एवढंच म्हणाल्या, "आईला फोन करा. तो मजकूर मी अजून पुसलेला नाही."

फोन ठेवून दिला आणि मला म्हणाल्या, "भात लागतोय बघा."

तो अजून दर आठवड्याला आईला फोन करतो, असं म्हातारी सांगते.